वाळवंटात घातलेले सांडगे

तीर्थस्वरूप पुतळीताय हिच्या पायाशी,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, पेणच्या चांगुणाचा, आफ्रिकेतून वाकून नमस्कार. (इथे वाकता येतं गो! हवा इतकी कोरडी की गुडघा दुखायचाच विसरलाय.) मी खुशाल आहे, पोट ठीक आहे. तुझ्या डोळ्यांतलं पाणी थांबलं का? औषध सूनबाईलाच घालू दे, तू घातलंस की ते गालावर पडतं आणि मग डॉक्टरला नावं ठेवतेस. भाविका, बाय, सासूला हे पत्र मोठ्याने वाचून दाखव, पण कंस आला की आवाज बारीक कर. तुमच्या ओटीवर कायम कुणीतरी बसलेलं असतं.

तर ताय, मी इथे कशी आले ते तुला ठाऊक आहे. माझ्या नातीला, प्रतिक्षेला, तिच्या कंपनीने नवराबायकोची सहल बक्षीस दिली. आपल्या नितेशच्या धाटावच्या कारखान्यात नेमकी तेव्हाच मशिनं बंद ठेवून दुरुस्ती निघाली, जावईबापूंना रजा नाय, आणि त्याच्या जागी मी विमानात बसले. पण कागदावर नवीन जोडपं तसंच राहिलं. त्यामुळे इथे नामिबियात पोचल्यावर बघते तर काय, पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या आणि टॉवेलांचे केलेले दोन बगळे, चोचीला चोच लावून! मला मेलीला लाजेने कुठे बघू झालं. (भाविका, बारीक.) मी पाकळ्या झटकल्या, बगळे सोडले आणि त्यांनीच तोंड पुसलं.

ह्याला तंबू म्हणतात. तंबू कसला, आपल्या पेणच्या लग्नाच्या हॉलपेक्षा मोठा, आणि आंघोळीचा टब मात्र बाहेर, उघड्यावर! एवढे पैसेवाले लोक, एक भिंत बांधायला काय झालं होतं? मी लुगड्यासकट टबात बसले, तोंडाला साबण लावला, डोळे उघडले तर समोर जिराफ. जिराफ म्हणजे आधी नुसतं तोंड येतं, बाकीचा मागून सावकाश येतो. रवंथ करत माझ्याकडे असा बघत होता जसा काय टब त्याचाच आहे. मी म्हटलं, "मेल्या, घरी आयाबहिणी नाहीत का तुला?" तरी हलला नाय. शेवटी मीच उठले.

आणि जागा किती गो ताय! लाल वाळूचे डोंगर, नजर दमते पण माणूस दिसत नाय. पेणला मी खिडकीतून हात बाहेर काढला तर तो शेजारणीच्या कपाळाला लागतो. इथे लोक काहीच नसलेलं बघायला सातासमुद्रापलीकडून येतात आणि "वा वा" म्हणतात. पहिल्या दिवशी मला धक्काच बसला. दुसऱ्या दिवशी मीही "वा वा" म्हणाले.

पण पोरीचा जीव हत्तीत. इथल्या वाळवंटात हत्ती राहतात, वाळू तुडवत पाण्याच्या शोधात मैलोन्‌मैल चालतात. लहानपणी जोहे गावी गणपतीच्या कारखान्यात आजोबांच्या मांडीवर बसून ती सोंडेला रंग लावायची, तेव्हापासून तिला खरा, मोकळा हत्ती बघायचा आहे. त्यासाठीच आली गो ती, त्या बगळ्यांसाठी नाय. रोज पहाटे डोळ्याला दुर्बीण लावून जीपमधून जायची आणि उन्हं चढल्यावर तोंड पाडून यायची. हरणं दिसली, शहामृग दिसले, सिंहसुद्धा दिसला (दुपारपर्यंत झोपलेला, बायको शिकारीला गेलेली), पण हत्ती नाय. परवा रात्री उशीत तोंड खुपसून रडली. मोठी साहेबीण आहे, पण हुंदका अजून पाचवीतलाच.

आता माझं ऐक. इथे जेवणात भात उरतो आणि ते तो टाकून देतात. टाकून! आणि बाहेर ऊन कसं? कडक, एकसारखं. ढग नाय, दमट वारा नाय, कावळा नाय. असं ऊन मी जन्मात पाहिलं नाय. पेणला सांडगे घालायचे तर आपण अर्धा दिवस आभाळाकडे बघत बसतो, आणि इथे एवढं ऊन दिवसभर पडून आहे, कुणी वापरत नाय. माझा जीव कासावीस झाला. मी आचाऱ्याकडून खुणा करून भात मागून घेतला, कुस्करला, त्यात मीठ घातलं, बटव्यातलं जिरं घातलं, आणि सकाळी प्रतिक्षा जीपमधून गेल्यावर पलंगावरच्या पांढऱ्या शुभ्र चादरी बाहेर अंथरून त्यांवर सांडगे घातले. तंबूबाहेर खाण्याची वस्तू ठेवू नये, जनावरं येतात, असं इथल्या मुकादमिणीने आल्या दिवशीच बजावलं होतं. ऐकलं होतं मी. पण सांडगे म्हणजे काय खाणं आहे? तळल्यावर खाणं.

घटकाभर डुलकी लागली. तेवढ्यात पाण्याचा आवाज आला. मला वाटलं, नळ उघडा राहिला. पडदा सारला तर काचेबाहेर भिंत. राखाडी, सुरकुतलेली. काल तिथे भिंत नव्हती. मग भिंतीने डोळा उघडला.

ताय गो ताय! हत्तीण होती. माझ्यासाठी भरलेलं टबातलं पाणी ओढून पीत होती. कान केवढाले! जोह्याला आमच्या ह्यांनी असे कान काढले असते तर गिऱ्हाइकाने मूर्ती परत आणून दिली असती. मागे आणखी दोघीतिघी आणि एक पिल्लू. पाणी संपल्यावर बाई चादरीपाशी आली आणि सोंडेच्या टोकाने एकेक सांडगा उचलून तोंडात टाकू लागली, आपण तांदूळ निवडतो तशी. एकही खाली सांडला नाय. पिल्लाने चादर ओढली, ती त्याच्या डोक्यावर बसली, आणि ते नवरीसारखा पदर घेऊन आईच्या मागून वाळूत निघून गेलं. मी काचेला नाक लावून हसत होते की रडत होते, देवाला ठाऊक.

मग प्रतिक्षा आली. जीपमधून उतरली, रिकाम्या टबाकडे बघितलं, खाली बघितलं.

"आजी, हे काय?"

"शेण."

"एवढं? कुणाचं?"

मी सांगितलं. वाटलं, चादरींसाठी ओरडेल. पण पोरगी तिथेच वाळूत बसली. "मी तिकडे डोळे फोडत होते, आणि ते इकडे तुझे सांडगे खात होते?" एवढंच म्हणाली. मग मुकादमीण आली, हात नाचवून पुष्कळ बोलली. उद्याच्या विमानाने आम्हाला शहरातल्या हॉटेलात धाडणार, एवढं प्रतिक्षेने मराठीत सांगितलं आणि त्यानंतर माझ्याशी अबोला धरला. म्हणून तर पत्राला वेळ मिळाला. पोरीचा हत्ती राहिला गो, हेच मनाला लागलंय. बाकी कशाचं काय!

सर्वांना आशीर्वाद, तुला पुन्हा नमस्कार.

तुझी,
चांगुणा

ता. क. मुख्य काम लिहायचं राहिलं. नितेश तुमच्या शेजारीच राहतो, त्याला एकदा जिताड्याचं कालवण जेवू घाल आणि गोडीत सांग की पुढल्या वर्षी प्रतिक्षेला पुन्हा बक्षीस मिळालं तर उगाच साहेबाच्या पाया पडून रजा मागू नकोस. मशिनं महत्त्वाची. आजी सांभाळून घेईल.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात प्रतिक्षा जेवून आली. टोपी उलटी करून छातीशी धरलेली, वर रुमाल. रुमालाखाली भात. दाराबाहेर कुणी नाय ना ते बघितलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "आजी, विमान दुपारचं आहे. सकाळचं ऊन पुरेल ना गो?"