गुजरीतले पुठ्ठ्याचे पाय

राजारामपुरी, कोल्हापूर
नवरात्रातली आठवी माळ

तीर्थस्वरूप सौ. आक्कास,

अनेकांतचा जय जिनेंद्र आणि तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला असं सगळेच लिहितात आणि कुणाचंच डोकं कुठं टेकलेलं नसतं. मी मात्र या खेपेला खरोखर टेकवून आलोय, तेही भर बाजारात. कसं, ते पुढे येईल, तोवर रागवायचं नाही. तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला गेला का? (भट्टीपुढे बसताना तोंडाला फडकं बांधा म्हणून मी सांगून दमलो. ते बांधतात, पण गळ्याला.) मी मजेत आहे, वेळेवर जेवतो, आणि तू दिलेली शेंगदाण्याची चटणी अजून पुरवून खातोय.

फोन सोडून हा पत्राचा उद्योग कशाला, असं तुला वाटेल. तुला फोन केला की तू स्पीकर लावून तो ऐरणीशेजारी ठेवतेस आणि माझं बोलणं पुढच्या गल्लीपर्यंत जातं. मागे मी पोट बिघडलंय एवढंच म्हणालो होतो, तर दोन दिवसांनी स्टँडवर तुमच्या हुपरीच्या गाडीचा कंडक्टर "आता बरं हाय न्हवं?" म्हणून विचारत होता. आजची गोष्ट तुझ्या एकटीसाठी आहे. वाचताना दार लावून घे.

आधी माझ्या कामाबद्दल एकदा नीट ऐक. तू लोकांना सांगतेस, "आमचा अनेकांत कागलला पंचतारांकितमध्ये असतोय." पंचतारांकित हे तिथल्या एमआयडीसीचं नाव आहे हे ऐकणाऱ्याला कुठलं ठाऊक, त्याला वाटतं मी हॉटेलात वाढपी आहे. कुणी खोदून विचारलं की म्हणतेस, "खोकी करतोय." माझी दोन स्थळं या दोन उत्तरांत गेली. आक्का, मी खोकी करत नाही. किराणा दुकानात साबणाच्या नाहीतर बिस्किटाच्या जाहिरातीचे पुठ्ठ्याचे उभे स्टँड असतात ना, ते मी आखतो. कारखान्यातून ते सपाट निघतात, घडी घातलेल्या चादरीसारखे. दुकानदारानं पुठ्ठ्याचा एक कान ओढून खाचेत अडकवला की झालं, स्टँड उभा. ना डिंक, ना खिळा. सगळी अक्कल घडीत असते. ती अक्कल मी पाठीमागे चित्रं काढून छापतोही, पण चित्र बघून काम करणं हे आपल्याकडे कमीपणाचं मानतात. शाहूवाडीकडच्या एका दुकानात मी बिस्किटांसाठी केलेलं जहाज उलटं टांगलेलं मी स्वतः पाहिलंय, आणि त्यात कोंबडी अंड्यावर बसली होती. मालकानं मला चहा पाजला आणि असलं अजून एक आहे का म्हणून विचारलं. (कंपनीला मी कळवलं की प्रतिसाद चांगला आहे.)

आता मूळ गोष्ट. पर्युषणात मी आलो होतो तेव्हा जेवताना दाजी म्हणाले की मशीनच्या मालापुढं आपल्या हातच्या पैंजणांना कोण विचारतंय, दसऱ्यानंतरच्या रविवारी पैंजणांचे ठसे विकून टाकू आणि मी कागलला वॉचमन म्हणून लागतो.  मी पुरे पुरे म्हणत असताना तू माझ्या ताटात भात वाढत राहिलीस. तुझं काही बिनसलं की समोरच्याला भात जास्त मिळतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मला फार वाईट वाटलं, आक्का. तुमच्या दोघांच्या हातचं घुंगरू वाजलं की मला आपलं घर ऐकू येतं. तेव्हा मी भात संपवला, तुमच्याकडून शिल्लक पैंजणं "साहेबांना दाखवतो" म्हणून मागून घेतली आणि थेट गुजरीत विजयसिंह शेठच्या चांदीच्या दुकानात गेलो. त्यांनी माल हातात घेऊन वाजवून पाहिला. म्हणाले, "माल झकास हाय की. पर गिऱ्हाईक बघतच न्हाय त्येला मी काय करू?" मी म्हणालो, बघायला लावणं हेच माझं काम आहे. मग असं ठरलं की नवरात्रभर दुकानाच्या उंबऱ्याशी माझा स्टँड राहील, त्यावर तुमची पैंजणं, आणि ती उठली तर शेठ कायमची ऑर्डर देतील. नाही उठली तर पैंजणंही माझी आणि स्टँडही माझा.

पैंजण दाखवायचं तर पाय हवेत. मी गुडघ्याएवढ्या उंचीची पावलांची जोडी आखली. टाचेमागचा कान ओढला की सपाट पुठ्ठ्यातून पाऊल फुगून वर येतं, घोटा उभा राहतो आणि त्याला पैंजण अडकवता येतं. (आमच्या कारखान्यात हे बघायला डबे सोडून माणसं आली होती.) पण वर छापायला खऱ्या पायाचा फोटो पाहिजे. इंटरनेटवरचे पाय बघितले तर ते कधी जमिनीवर टेकलेलेच दिसेनात. स्वतःच्या पायाचा फोटो काढला आणि लगेच पुसून टाकला. शेजारच्या टेबलावरच्या पूर्णिमाला विचारलं, तर ती म्हणाली, "माझं तोंड छापा की, पाय कशाला?" आणि दोन दिवस बोलली नाही. तेव्हा आक्का, मी काय केलं, तर तू सोफ्यावर पाय वर घेऊन मालिका बघत बसली होतीस आणि मी शेजारी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलो होतो, आठवतं? मी क्रिकेट बघत नव्हतो.

आता श्वास घे. चांगले आहेत तुझे पाय. राबलेले आहेत, रुंद आहेत, पैंजण शोभावं असे आहेत. फक्त मला डावाच पाय मिळाला (उजवा तू पोटाशी दुमडला होतास), म्हणून मी तोच उलटा करून उजवा केला. त्यामुळे तुझी डावी करंगळी जी दाराच्या फटीत सापडून वाकडी झालीय, ती आता दोन्ही पायांना वाकडी आहे. त्यात छापताना पिवळी शाई जरा जास्त पडली आणि पाय हळद लावल्यासारखे दिसायला लागले. दुसऱ्यांदा छापायला वेळ नव्हता. मी म्हणालो, सणाचे दिवस आहेत, खपून जाईल. आणि ते इतकं खपलं की मी पार अडचणीत आलो.

घटस्थापनेच्या सकाळी मी ते पाय उंबऱ्याशी उभे केले, पैंजणं चढवली आणि शेठना हाक मारली. तुला ठाऊक आहे, आपल्याकडे नवी वस्तू आली की मग ती ट्रॅक्टर असो, वजनकाटा असो की पाण्याची मोटर, तिला हळदकुंकू लावून नारळ फोडल्याशिवाय कुणी हात लावत नाही. शेठनी रीतीप्रमाणे दोन्ही अंगठ्यांना हळदकुंकू लावलं, दोन उदबत्त्या खोचल्या आणि समोर नारळ फोडला. मी समाधानानं कामावर गेलो (पुढचं मला मागाहून कळलं). तेवढ्यात कोपऱ्यावर वेण्या विकणारी बयाबाई तिथून चालली होती. तिला काय दिसलं? उंबऱ्याशी पिवळी पावलं, त्यांवर कुंकू, पुढे उदबत्ती, पायांत चांदी. तिनं चपला काढल्या, पाटीतली सगळ्यात चांगली वेणी पावलांवर ठेवली आणि पदर पसरून नमस्कार केला. तिच्या मागून येणारीनं बयाबाईला बघितलं. तिच्या मागच्या दोघींनी तिला बघितलं. ही कुठली देवी, हे नवरात्रात कोण विचारत बसतंय?

दुपारी नारळाच्या पाण्यानं आपलं काम केलं. पुठ्ठा आणि पाणी यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. ओलसर झालेली घडी सैल पडली आणि डाव्या पायाची टाच हळूच वर उचलली गेली. हा शुद्ध माझ्या आखणीतला दोष. कान अर्धं बोट लांब ठेवला असता तर झालं नसतं. पण तिथं बयाबाई होती. ती म्हणाली, "पाऊल उचललं गं बाईनं." झालं. संध्याकाळपर्यंत रांग गुजरीच्या वळणापर्यंत गेली होती.

तुला वाटेल, मग तर बरंच झालं. गर्दीच तर पाहिजे होती. पण त्या पायांतल्या पैंजणांना कोण हात लावणार? देवीच्या अंगावरचा दागिना काढून बिल करा म्हणणारी बाई अजून कोल्हापुरात जन्मायची आहे. वर, पावलांना ओलांडून आत जायचं कसं, म्हणून नेहमीची गिऱ्हाइकंसुद्धा बाहेरूनच हात जोडून परत जायला लागली. गल्ल्यापेक्षा पावलांपुढंच चिल्लर जास्त जमली. परवा, सहाव्या माळेला, शेठचा फोन आला. "ओ पावणं, ह्ये दुकान हाय का देऊळ? तुमचं पाय उचला आधी. माणूस उंबरा वलांडंना झालाय." मी विचारलं, पैंजणं किती गेली? ते म्हणाले, "गेली न्हाईत, वाढलीत. एकीनं सोताची काढून वाहिली." आक्का, मला दाजी वॉचमनच्या टोपीत दिसायला लागले.

काल अर्धी रजा टाकून गेलो. स्टँड मिटवणं म्हणजे डाव्या हातचा मळ. टाचेचा कान उलटा ओढायचा की पाय सपाट. पण रांगेतल्या एवढ्या बायकांसमोर देवीचे पाय मिटवून काखोटीला मारायचे, याचं चित्र मी पाठीमागे कधी छापलं नव्हतं. मी नुसता वाकलो तर बयाबाई (ती आता तिथंच बसते, वेण्यांची पाटीसुद्धा तिथंच असते) म्हणाली, "हात धुतलास का रं?" मी धुऊन आलो. मग म्हणाली, "चप्पल?" ती काढली. मी टाचेमागे हात घालतोय असं बघून म्हणाली, "मागनं न्हवं, म्होरनं. नमस्कार कर आन् बाजूला हो, मागं बायका खोळंबल्यात." तेव्हा मी केला नमस्कार. डोकं टेकवून. समोर तुझी वाकडी करंगळी, मागे रांग. आणि खरं सांगू का, हसू यायच्या ऐवजी माझे डोळे भरून आले. भाऊबीजेला मी तुला वाकून नमस्कार करतो तो नुसता कंबरेत वाकतो, मन ओवाळणीच्या ताटात असतं. काल मात्र मी त्या पायांकडे मागणं मागितलं. म्हणालो, आक्काचं काम राहू दे.

मी उठतोय तोवर शाहूवाडीहून आलेल्या एका थोराड बाईनं रांग सोडून शेठना हाक मारली. तिला सुनेसाठी पैंजण पाहिजे होतं. शेठ म्हणाले, पायातलं काढून देतो की. तशी ती त्यांच्या अंगावर गेली. "तिच्या पायातलं कशाला? त्ये तिचं हाय. तसलंच दुसरं काढा आतनं." शेठनी आतून मशीनचं एक काढलं. तिनं ते खाली बसून तुझ्या पावलांशेजारी धरलं, दोन्ही हलवली आणि मशीनचं परत केलं. "ह्येचं घुंगरू मुकं हाय. मला त्या पायातल्यासारखं पायजे." मागची म्हणाली, मला पण. तिच्या मागचीनं लेकीच्या घोट्याचं माप दोऱ्यानं घेतलेलंच होतं. शेठ माझ्याकडे बघत राहिले. मी छताकडे बघितलं. मग ते एवढंच म्हणाले, "उद्या सांजच्याला या, बोलू." पाय काही मी उचलले नाहीत.

तर आता त्यांच्याकडेच निघालोय. काय म्हणतात कोण जाणे, शेठ माणूस लहरी आहे. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, तुझ्या सासूबाईंना सांग की त्यांच्यासाठी गुडघ्याचं तेल घेतलंय. पत्र खिशात टाकून जातो, उद्या सकाळच्या हुपरीच्या गाडीला देईन.

तुझा लाडका (हे तूच म्हणतेस),
अनेकांत

ता. क. : शेठकडून आत्ताच परत आलो. दसरा झाला की तुला दाजींबरोबर गुजरीत यावं लागणार आहे. कशासाठी, ते खाली लिहिलंय. येताना मोजे घाल आणि त्यावर बंद बूट. उकडेल, पण ऐक. ज्या करंगळीला बयाबाई रोज सकाळी हळद लावते ती तिनं जिवंत चालताना पाहिली, तर एकतर तुला तिथंच पाटावर बसवेल नाहीतर मला चपलेनं मारेल, आणि दोन्हींत शेठचा उंबरा पुन्हा अडेल.

दुसरा ता. क. : पेपर असो, पत्रिका असो की पत्र, तू आधी शेवट वाचतेस हे मला माहीत आहे, म्हणून मुद्द्याची गोष्ट मुद्दाम इथं लिहितोय. दाजींना ठसे विकू देऊ नकोस. रविवारी ठसे घेणारा माणूस आला तर त्याला चहा पाजून वाटेला लाव. शेठना दिवाळीसाठी माल पाहिजे आणि पुढेही दर महिन्याला पाहिजे, हातचाच पाहिजे आणि तुमचाच पाहिजे; भाव ठरवायला त्यांनी तुम्हा दोघांना बोलावलंय. आता डोळे पूस, दाजींच्या ताटात उगाच भात वाढू नकोस, आणि पत्र पहिल्यापासून वाच. पायांपर्यंत आलीस की मात्र लगेच फोन करू नकोस. मी कामावर असेन, आणि इथं माझाही स्पीकर चालू असतो.