युनानी, पण हकीम नाही

बुधवार संध्याकाळ, नेकनूर

आज अब्बा फळांच्या गाड्यावर रशीदचाचांना सांगत होते, "आमची सलमा एम.ए.ला युनानी शिकणार. हकीम होणार!" चाचांनी लगेच मनगट पुढं केलं. "बघ बेटी, लई दिवस झोप न्हाई."

आणि मी ते धरलं. काहून धरलं? नाडी कुठं लागते तेही मला ठाऊक नाही.

घरी येताना सांगून टाकलं, "अब्बा, युनान म्हणजे ग्रीस. मी तिथली जुनी भाषा शिकणार हाय, दवा न्हाई."

अब्बा थबकले. "मग कुणाचं दुखणं तुला कळणार न्हाई?"

चाचांचं मनगट काहून धरलं मी?

घराच्या दारात अब्बा म्हणाले, "जा, शिक. पण चाचाला तूच सांग. मला न्हाई जमायचं."