भोपळ्याला पहिली सुरी

परतूर, १५ ऑक्टोबर २०२३

तीर्थरूप दादांस,
साधनाचा शिरसाष्टांग नमस्कार. फोनवर तुम्हांला अर्धंच ऐकू येतं, म्हणून गावच्या हरिओमच्या पिकअप गाडीबरोबर ही चिठ्ठी.

आमच्या शाळेत एकतीस तारखेला हॅलोविन आहे, म्हणजे अमेरिकेतला भुतांचा सण. संचालिका शरयू मॅडम लेकीकडे तिकडे जाऊन आल्या, तेव्हापासून हे त्यांच्या डोक्यात बसलंय. थर्माकोलची थडगी आणि प्लॅस्टिकचे सांगाडे मागवायचं ठरत होतं. हे सगळं दुसऱ्या दिवशी शाळेमागच्या नाल्यात जातं, म्हणून मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, सजावट मी शेतातल्या वस्तूंची करते. मॅडम म्हणाल्या, करा, पण फसलं तर पुन्हा मीटिंगमध्ये तोंड उघडायचं नाही.

तेव्हा कोळ्याच्या जाळ्यांसाठी बाजारात न खपणारा कवडी कापूस, भुतांच्या झाडांसाठी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि बारा लाल भोपळे पाठवा. भोपळे पोखरून त्यांना डोळे-तोंड कोरायचं आणि आत पणती ठेवायची. आईला नमस्कार.

तुमच्या आशीर्वादावर भिस्त ठेवून,
साधना

जाफराबाद, २१ ऑक्टोबर

चि. साधनास दादाचे अनेक आशीर्वाद.
इकडं समदे खुशाल. कापूस येचून राह्यलो. तू सांगितलं ते हरिओमसंगं धाडलं. पोरगी पगार घेऊन भुतं बनवती म्हणून गल्ली हसून राह्यली. मी म्हणलो, मंग बीएड काय उगंच केलं का?

एक सांगतो, रागावू नको. बाईमाणसानं अखंड भोपळ्याला सुरी लावू न्हाई, हे तुला ठावं हाये. पहिला घाव गड्याचा, मंग बाईनं चिरावा, न्हाईतर तिच्या जिवावर बेततं. तुझ्या मायनं दोन दिस माझा जीव खाल्ला, का तिथं समद्या मास्तरणीच, पोरगी आपल्याच हातानं कापल. म्हणून मी बाराच्या बारा बराबर मधोमध कापून सुतळीनं बांधून दिले. तुझी मेहनत बी वाचली.

माया हाये ती बिलकुल कमी करू नको.
दादा

परतूर, २३ ऑक्टोबर

तीर्थरूप दादांस,
नमस्कार करते, कारण तो केलाच पाहिजे.

चोवीस फोडी आल्या, दादा! पणती कशात ठेवू? शाळेतल्या उषाबाईंनी त्यांचे घारगे तळले. मॅडमनी चार खाल्ले आणि विचारलं, भुतं कुठे आहेत? आता प्लॅस्टिकच्या दुकानाचा नंबर त्यांच्या टेबलावर आहे.

आईच्या समाधानासाठी आमचे वॉचमन रखमाजी यांना विचारलं, पुढच्या भोपळ्यांना पहिला घाव तुम्ही घालाल का? ते म्हणाले, भुताच्या भोपळ्याला मी हात लावत न्हाई, मला लेकरंबाळं हायेत. म्हणजे सगळे शहाणे माझ्याच नशिबी!

तुम्ही मला बीएडपर्यंत शिकवलंत, एकटीला परतुरात ठेवलंत, आणि एका भोपळ्यापुरता माझ्यावर भरवसा नाही? मळ्यात उरले असतील ते पाठवा. अखंड. ओरखडाही नको.

रागातही तुमचीच,
साधना

परतूर, १ नोव्हेंबर

तीर्थरूप दादांस,
सा. न. ही चिठ्ठी आईच्याच हाती देते आहे.

परवा तुम्ही बाजारात असताना ती एसटीनं निघाली आणि पाच भोपळ्यांचं पोतं घेऊन थेट शाळेत आली. मी व्हरांड्यात सुरी घेऊन बसले. म्हटलं, आता बघच, काही होत नाही. तिनं सुरी हिसकावून घेतली. म्हणाली, तू न्हाई. जे व्हायचं ते मला होऊ दे, मी जगून घेतलंय. आणि डोळे मिटून पाचही भोपळ्यांना पहिली सुरी तिनंच लावली.

सजावट झाली. पडदे ओढून पणत्या लावल्या, तर पहिलीतली स्वरा घाबरायचं सोडून भोपळ्याला डब्यातली पोळी भरवायला गेली. मॅडम म्हणाल्या, पुढच्या वर्षी प्लॅस्टिक नको, तुम्हीच करा.

मी असलं काही मानत नाही, तुम्हांला माहीत आहे. तरी आठवडाभर आईला विहिरीवर एकटीला जाऊ देऊ नका. विळा तर हातात देऊच नका. अंग जरा गरम लागलं तरी मला लगेच बोलवा.

दोघांच्या मायेची धनी,
साधना