कडू तूप आणि माझं बळकट पोट

२ जानेवारी, सकाळी ६.३०
आयुर्वेद रुग्णालयात दाखल. तळहातांचा इसब कायमचा घालवायचा. तेरा तारखेला तिरुवातिरा, आमचा केरळातला बायकांच्या नाचाचा सण. देवळापुढे नाचताना बायकांच्या रिंगणात यंदाही पुढे मीच. टाळ्या देणारे हात असे खपल्यांचे कसे चालतील? नणंद प्रसन्ना म्हणाली, 'एडत्ती,' म्हणजे वहिनी, 'यंदा पुढे मी उभी राहते, तुम्ही आराम करा.' माया नव्हे ती, घाई.
तीस मिली औषधी तूप घेतलं. हिरवट, कोमट, कडू. भूक लागेपर्यंत फक्त गरम पाणी. भूक लागली म्हणजे तूप पचलं, मग उद्या माप वाढणार. लवकर पचवलं की लवकर सुटका. माझं पोट बळकट आहे.

३ जानेवारी
साठ मिली. दहालाच नर्स लिस्सीला सांगितलं, भूक लागली. लागली नव्हती, पण लागणारच होती. पेज घशाखाली जाईना. ढकलली.

४ जानेवारी
शंभर. जिभेवर, टाळूवर, दातांवर मेणचट थर. ढेकर आला आणि सकाळचं तूप पुन्हा चाखलं. नऊलाच भूक जाहीर केली. डॉक्टर गिरिजा म्हणाल्या, तुमचा अग्नी फारच तेज. मी नम्रपणे मान खाली घातली. तोंड उघडलं असतं तर ओकले असते.

५ जानेवारी, दुपारी
दीडशे. उशीला तुपाचा वास, घामाला तुपाचा वास. संडासाबद्दल लिहिणार नाही. तरंगत होतं.
लिस्सीने पेज आणली, तेवढ्यात मला ढेकर आला. तिने नाक दाबलं. मला ताईच्या मानाने चेची म्हणते. 'चेची, ही भूक बोलतेय की तूप?' भूक, म्हटलं. दुसऱ्या घासाला सगळं तिच्या पांढऱ्या चपलांवर.

६ जानेवारी
डॉक्टर रागावल्या नाहीत, तेच लागलं. 'तूप पाण्यात मिसळत नाही, विलासिनी चेची. पित्त त्याचे बारीक थेंब करतं, तेव्हा कुठे ते आतड्यातून अंगात जातं. त्याला तास लागतात. पहिलं पचायच्या आत तुम्ही वर पेज घातलीत, दुसऱ्या दिवशी आणखी तूप.'
आता तीन दिवस सुंठीचं पाणी, मग पुन्हा तीसपासून. तेरा तारीख हुकली. वाटी नीट मापाची नसावी.

१४ जानेवारी
काल तिरुवातिरा झाली. प्रसन्नाने फोटो पाठवलाय. पुढे तीच, हात उंच. पाऊल चुकलंय तिचं, पण फोटोत ते कुणाला कळणार?
दुपारी एकला भूक लागली. खरीखुरी, लहानपणी शाळेतून घरी येताना लागायची तशी. डोळेच भरून आले. लिस्सीला बोलावलं, सांगितलं. ती दारातच थांबली.
'बसा, चेची,' म्हणाली. 'डॉक्टर येऊन बघतील, मगच पेज.'
डॉक्टर चारला येतात.