दोघांसाठी

प्रिय धाकटे,

'प्रिय' हा शब्द हाताच्या सवयीने उतरला आहे, त्यात माया शोधत बसू नकोस. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरने पत्रलेखन शिकवताना बजावलं होतं की, ज्याच्याशी भांडायचं आहे त्यालाही 'प्रिय' लिहावं, म्हणजे पुढे काहीही लिहायची मोकळीक मिळते. ती मोकळीक आज मी पुरेपूर घेणार आहे. फोन केला असता, पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभं आयुष्य काढल्यावर एक कळलं आहे. ज्याला ऐकायचं नसतं त्याला नेमका त्याच वेळी आवाज तुटल्यासारखा वाटतो. पत्राचा आवाज तुटत नाही.

तुझ्या समारंभाचं आमंत्रण मिळालं. कडक कागद, सोनेरी कडा, आणि नावापेक्षा लांब हुद्दा. गरोदर बायकांसाठी नवं पोषण पाकीट, टाळ्या, हार, भाषणं. त्याच टपालाने आमच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्राला तुझ्या सहीचा हुकूम आला की स्वयंपाकघर बंद करा, भांडी जमा करा, यापुढे आहार घरपोच. आमच्या स्वयंपाकीण मावशींना मी तो वाचून दाखवला. त्या हातातला झारा खाली न ठेवता म्हणाल्या, "भांडी जमा करा म्हणे! मग मी काय करू, टाळ्या वाजवू? त्याला तर तुमच्या साहेबीणबाईंनी हॉल भरून माणसं बोलावलीत."

तू या केंद्रात पाऊल टाकलेलं नाहीस, म्हणून सांगते. निवृत्त झाल्यापासून मी तिथे दुपारी वाढायला जाते. एक लांबट खोली आहे, भिंतींना अर्ध्यापर्यंत हिरवा तेलरंग, कोपऱ्यात वजनकाटा, खिडकीखाली गळका नळ. नर्स वजन घेते, बोट टोचून रक्त तपासते, गोळ्या देते, आणि मग बाई खुर्चीवर बसून आमच्या डोळ्यांदेखत जेवते. भात, डाळ, पालेभाजी, उकडलेलं अंडं, पेलाभर दूध. नियम एकच आहे आणि तो मी केला आहे. डबा आत आणायचा नाही. पदराखाली, ओढणीखाली, पिशवीच्या तळाशी लपवून आणलेले डबे मी दारातच चपलांशेजारी ठेवायला लावते. सुरुवातीला बायका मला 'फौजदारीण' म्हणायच्या. म्हणोत बापड्या. डब्यात गेलेलं अंडं घरी पोचेपर्यंत दिराचं, सासऱ्याचं नाहीतर मोठ्या पोराचं झालेलं असतं, हे त्यांनाही ठाऊक आहे. एकदा एक रडवेली होऊन म्हणाली, "बाई, तुम्ही डबा आणू देत नाही म्हणून सांगता येतं घरी. नाहीतर मी कुठल्या तोंडाने एकटीच खाऊ?" तेव्हापासून मी आणखी जोरात ओरडते.

आणि तू काय केलंस, तर अख्खं केंद्रच डब्यात भरलंस! वर त्या पाकिटावर ठळक अक्षरांत छापलंस, 'दोघांसाठी'. तुझ्या गार हवेच्या ऑफिसात बसून तुला वाटलं, दोघं म्हणजे आई आणि पोटातलं बाळ. अगं शहाणे, घराघरात दोघं म्हणजे नवरा-बायको! तू नमुन्याची पाकिटं वाटलीस, आणि पुढच्याच आठवड्यात एकीने सांगितलं, "सासूबाईंनी वाचलं, म्हणाल्या, दोघांसाठी आहे ना, मग आधी त्याला दे." दुसरीचा नवरा तर नर्सला भेटायला आला. मला वाटलं, बायकोच्या काळजीने आला असेल. तो म्हणाला, "चव जरा फिकी आहे, पुढच्या खेपेला गोडाचं बघा." नर्सला हसू आवरेना. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्याच दिवशी त्याच्या बायकोचं वजन मागच्या खेपेपेक्षा कमी भरलं होतं. एवढी शिकलीस, एवढ्या परिषदा गाजवल्यास, आणि एका शब्दात सगळा आहार पुरुषांच्या ताटात वाढून मोकळी झालीस.

आता त्या मुलीबद्दल सांगते. ती आमच्या वस्तीतली नव्हे. बस बदलून यायची, डोक्यावरून ओढणी घेऊन, आणि अगदी शेवटच्या खुर्चीवर बसायची. कपडे चांगले, बोलणं मऊ, आणि चेहरा असा पांढरा की नर्सने रक्त तपासून पुन्हा तपासलं. म्हणाली, असंच राहिलं तर ही पोर बाळंतपण सोसायची नाही. मी ताट पुढे केलं की ही उठून उभी राहायची आणि म्हणायची, "यांना आधी वाढा, मी मागाहून बसते." तिच्यामागे कुणी नसलं तरी मागाहून! मावशींनी तिचं नावच मागाहूनबाई ठेवलं. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा माझ्या हातातला डाव तसाच राहिला. तो शब्द मी कुणाच्या तोंडी ऐकत वाढले, हे तुला सांगायला नको.

आई जन्मभर मागाहून बसली. बाबा, काका, पाहुणे, आपण दोघी, आणि मग पातेलं तिरकं करून ती. तुझ्यामाझ्यामधला भाऊ एकच दिवस जगला, कारण त्याच्यासाठी तिच्या अंगात काही उरलंच नव्हतं. पुढे म्हातारपणी साधं ठेचकाळायचं निमित्त होऊन तिचं हाड काटकीसारखं मोडलं, आणि त्या अंथरुणावरून ती उठली नाही. आणि तिच्या शोकसभेत तू माइक धरून काय म्हणालीस? "आमची आई कधीही कुणाच्या आधी जेवली नाही." लोकांनी डोळे पुसले. मी उभी राहून म्हणाले, "म्हणूनच गेली." त्यावर तू माझ्याशी बोलणं टाकलंस, मुलाच्या लग्नाचं मला कळवलंसुद्धा नाहीस. मी ते वाक्य मागे घेतलेलं नाही. आजही घेत नाही. आपल्या शाळेत सगळ्यांची ताटं वाढून होईपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही, मदर सुपीरियरनेसुद्धा नाही, आणि एकदा घंटा झाली की सगळ्यांनी एकदम जेवायचं. त्या जेवणघरात तू माझ्याशेजारी बसायचीस. बाकी सगळं पाठ केलंस, हे तेवढं विसरलीस.

मागाहूनबाई हळूहळू बोलती झाली. घर खाऊनपिऊन सुखी आहे. कुणी मारत नाही, टाकून बोलत नाही. सासरे जेवतात, नवरा जेवतो, आणि ही सासूची वाट बघत थांबते, कारण सासूबाई मोठ्या नोकरीत, त्यांना मीटिंगमधून यायला उशीर होतो. आल्यावर कधीकधी म्हणतात, "मी तिकडेच खाल्लं गं." तोवर हिची भूक मरून गेलेली असते. सासूबाई चारचौघांत कौतुक करतात की सून माझ्याशिवाय घास घेत नाही. त्या ऑफिसातून खास गरोदरपणासाठी बनवलेली पाकिटंही घरी आणतात. ती हिचा नवरा व्यायामशाळेतून आला की दुधात कालवून पितो. "त्यात प्रथिनं असतात ना," ती मला समजावून सांगत होती, आणि तिच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता. "शिवाय त्यावर दोघांसाठी लिहिलंय." मी विचारलं, मग आपल्या भागातलं केंद्र सोडून इतक्या लांब का येतेस? ती म्हणाली, "तिथे सगळे सासूबाईंना ओळखतात. त्यांना कमीपणा येईल."

धाकटे, आता तरी तुझ्या डोक्यात प्रकाश पडला असेल. नसला, तर सरळ लिहिते. तुझी सून माहेरी गेलेली नाही. गेल्या सोमवारी ती वजनकाट्यावरून उतरताना भोवळ येऊन पडली, आणि शुद्धीवर आल्यावर घरचा पत्ता विचारला तेव्हा तिने तुझं नाव सांगितलं. बाळ ठीक आहे, तीही सावरते आहे. माहेरी जातेय असा निरोप तिने माझ्याच सांगण्यावरून तुला दिला. ती माझ्या मागच्या खोलीत आहे, आणि बाळंत होईपर्यंत तिथेच राहणार आहे. पोलीस आण नाहीतर तुझा तो लांब हुद्दा आण, मी दार उघडणार नाही. स्वयंपाकघराची किल्लीही माझ्याकडेच आहे. ती न्यायला तुझा शिपाई आला होता, त्याला पोटभर जेवू घालून परत पाठवलं. सुनेला भेटायचं असेल तर समारंभाच्या आधी ये, दुपारी, केंद्रात, आणि उपाशी ये. तुझं ते पाकीट दाराशी चपलांशेजारी ठेव आणि शेवटच्या खुर्चीवर बस. ती सवयीने उठून म्हणेल, "आधी सासूबाईंना वाढा." मी तिला खाली बसवीन आणि तिचं ताट आधी वाढीन, मग बाकीच्या सगळ्या बायकांची. त्या जेवत असताना तू नुसती बघत बस. घाबरू नकोस, तुलाही वाढीन. मागाहून.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
ताई