गेरातला जिना आणि माझी गुंतवणूक

ग्योपिंगन, शनिवार दुपार

प्रिय इर्मगार्डताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे आठांपैकी तीनच अंगं टेकली आहेत, बाकीची टेकली असं समज). तुझा गुडघा कसा आहे? रोझवीटा म्हणते, थंडी संपेपर्यंत जिन्यावर बादली उचलू नकोस. तू ऐकणार नाहीस हे तिला ठाऊक आहे, पण भावजय म्हणून तिने सांगितलं आणि नवरा म्हणून मी लिहिलं.

तुझं पत्र केव्हाच पोचलं. तीन पानं खालच्या शेजाऱ्याने जिन्याखाली ठेवलेल्या सायकलीबद्दल, आणि अगदी शेवटी, कोपऱ्यात, बारीक अक्षरात, की मालकाने तुझी जागा विकायला काढली आहे आणि नवा मालक तुला राहू देतो की ‘मला स्वतःला हवी’ म्हणून बाहेर काढतो ते आता बघायचं. ताई, अगं, ज्या घरात तुझा संसार झाला, ज्या घरातून भावोजी गेले, त्या घराची बातमी तू सायकलीखाली लिहितेस! रोझवीटा रडली. मी रडलो नाही, फक्त दोनदा चष्मा पुसला. त्याविषयी खाली लिहितोच. पण आधी माझं ऐकून घे, कारण मी एका मोठ्या संकटातून वाचलोय आणि ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय माझा जीव काही भांड्यात पडायचा नाही. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला ‘गेब्हार्ड, मुद्द्यावर ये’ म्हणतेस.

तर मुद्दा असा, की चष्म्याच्या काचा घासून घासून मी निवृत्त झालो आणि डोक्यात खूळ शिरलं. जन्मभर भाडेकरू म्हणून राहिलो, आता मरण्यापूर्वी एकदा तरी घरमालक व्हायचं! आपल्याकडे जागांचे भाव विचारले तर विचारणाऱ्यालाच घाम फुटतो, म्हणून ठरवलं, लांबचं एखादं स्वस्त शहर शोधायचं, तिथे एक जागा घ्यायची आणि घरबसल्या भाडं खायचं. शहर निवडणं म्हणजे मुलीला स्थळ बघण्यासारखं निघालं. लाइपझिग सुरेख, पण तिथे सगळं जग माझ्याआधी पोचलेलं. ब्रेमरहाफनला समुद्राच्या वाऱ्याने पहिल्याच कोपऱ्यावर माझी टोपी नेली आणि रोझवीटा म्हणाली, ‘जे गाव टोपी ठेवत नाही ते पैसे काय ठेवणार!’ (ती अशी क्वचित बोलते, पण बोलली की गाव बाद.) मग फोनवर एक दलाल भेटले, फिंकसाहेब. गेरा शहर घ्या म्हणाले. तिसऱ्या मजल्यावरची जागा, उन्हाची, आत भाडेकरू आयती. ‘म्हातारी आहे, आज ना उद्या जागा मोकळी होईलच,’ असंही म्हणाले, उद्या पाऊस पडेल म्हणावं तसं. आणि मी ‘बरं बरं’ म्हणालो. ते ‘बरं बरं’ आठवलं की अजून स्वतःचाच कान पिळावासा वाटतो.

गेराला मी एकटाच गेलो. सकाळचं तिकीट स्वस्त, त्यामुळे फिंकसाहेबांच्या पुष्कळ आधी पोचलो. घराचं दार उघडंच होतं. आत गेलो आणि ताई, तो जिना! चिखल, पाचोळा, एक एकटा हातमोजा, कोपऱ्यात कसलं तरी जळमट. तिथे दारावर झाडूची पाटी लावायची पद्धतच नाही. ज्याच्या दारावर पाटी त्याने तो आठवडा जिना झाडायचा, एवढी साधी गोष्ट, पण आपला श्वाबियन मुलूख सोडला की कोणाला तिचं सोयरसुतक नाही. तू मला लहानपणी कसा घडवलास ते तुला माहीत आहेच (शनिवारी तू कठड्याखालून बोट फिरवून बघायचीस आणि मग ते बोट माझ्या नाकासमोर धरायचीस). मला राहवेना. कोपऱ्यात एक केरसुणी दिसली. कोट काढला, वर गेलो आणि तू शिकवलंस तसा वरून खाली झाडायला लागलो.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. गोल, ठेंगणी, पांढऱ्या केसांची म्हातारी. ‘आलास का बाबा एकदाचा! नवा झाडूवाला ना तू?’ मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडात धूळ गेली. खोकला थांबेपर्यंत लिंडिशबाईंनी (त्याच त्या ‘आयत्या’ भाडेकरू) माझ्या कमरेला स्वतःचा एप्रन बांधला आणि मला स्वयंपाकघरात बसवून बटाट्याचे गोळे वाढले, वर भरपूर रस्सा. काय गोळे होते, ताई! तुझी ती पालक-खिमा भरलेली माउल्टाशेन सोडली तर असं काही मी खाल्लेलं नाही. (सोडली तर, असंच लिहिलंय, नीट वाच.)

खाता खाता बाईंनी सगळं घर माझ्यासमोर उघडं केलं. दर वसंतात तळघरात पाणी भरतं. छत गळतं. भिंतीवरचा कागद नवा आहे, कारण त्यामागची भिंत बुरशीने काळी आहे. आणि मग म्हणाल्या, ‘मालक बदलतच असतात रे. येतो तो मोजपट्टी घेऊन येतो. माझ्या पलंगाचंसुद्धा माप घेतो. तोंडाने हवापाण्याच्या गप्पा आणि डोळ्यांनी विचारतो, ही कधी जाणार? तुझ्या मालकाला सांग हो, मी कोणाच्या अध्यातमध्यात नसते. इथेच राहू दे म्हणावं.’ ताई, मोजपट्टी माझ्या विजारीच्या खिशात होती. मी मान खाली घालून गोळा गिळला. डोळ्यांसमोर तुझं ते कोपऱ्यातलं बारीक अक्षर आलं आणि मला लाज वाटली, खूप लाज वाटली.

खाली येऊन शेवटच्या पायऱ्या झाडतोय, तोच फिंकसाहेब आले. त्यांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. ‘काका, हात जरा चालवा,’ म्हणाले, ‘एक श्वाबियन गिऱ्हाईक यायचंय. जिना चकचकीत दिसला की ही मंडळी दुसरं काही बघत नाहीत. आणि तेवढं तळघराला कुलूप घाला.’ मग गिऱ्हाईक कुठवर आलंय ते विचारायला त्यांनी फोन लावला, आणि फोन वाजला माझ्या एप्रनखाली, विजारीच्या खिशात. दोघंही एप्रनकडे बघत राहिलो. वाजलेला फोन न उचलणं बरं दिसत नाही, म्हणून मी उचलला. ‘हॅलो,’ म्हटलं, ‘मी खालून तिसऱ्या पायरीवर आहे.’

त्यानंतर काय बोलणं झालं ते लिहिण्यासारखं नाही. परतीच्या गाडीत मी असा झोपलो, की तिकीट तपासनिसाने दोनदा हलवलं. सुटलो, ताई, सुटलो! आयुष्यभराची पुंजी तळघरातल्या पाण्यात बुडायची ती वाचली. शहरं धुंडाळण्याचं खूळ गेलं, रोझवीटाचा चेहरा खुलला, आता घरात शांतता आहे.

बसून बसून कंबर बोलायला लागली, तेव्हा इथेच थांबतो.

तुझा,
गेब्हार्ड

ता. क. लिंडिशबाईंचा एप्रन चुकून माझ्याबरोबर आलाय. धुऊन, इस्त्री करून, सोबत खाऊ घालून पाठवायचा आहे. तुझ्या हातची माउल्टाशेन मिळतील का?

ता. क. दुसरा. तुझ्या जागेचं लिहायचं राहिलंच की! ती विकली गेली. घाबरू नकोस, खाली बस आणि वाच. मंगळवारी नोटरीने रीतीप्रमाणे अख्खा करार मोठ्याने वाचून दाखवला. रोझवीटाला डुलकी लागली होती, ‘भाडेकरू, श्रीमती इर्मगार्ड’ एवढं कानावर पडलं आणि ती जागी होऊन पुन्हा रडली. नवा मालक साठी उलटलेला, कमरेने वाकलेला, अकलेने बेताचा आहे, पण तुझ्याच हाताखाली वाढलेला आहे. जुन्या मालकाला मीच बजावलं होतं, ताईला कळू देऊ नका, नाहीतर ती भाव करायला येऊन बसेल. शहर निवडलं म्हणायचं तर तुझंच रॉयटलिंगन निवडलं (आत भाडेकरू असल्यामुळे भाव उतरला, तरी घाम फुटलाच). ताई, तुला तिथून कोणी हलवणार नाही. मोजपट्टी मी गेराच्या स्टेशनवरच टाकून दिली.

ता. क. तिसरा, आणि हीच खरी विनंती. पुढच्या शनिवारी येतोय. झाडूची पाटी तुझ्या दारावर असेल तर राहू दे, गुडघा बरा होईपर्यंत तुझा जिना मी झाडीन. फक्त नंतर कठड्याखालून बोट फिरवू नकोस. घरमालक आहे मी आता.