पंखाच्या तुळईतलं भोक

बाबा, शिरगावच्या किनाऱ्यावर तुम्ही नावेला फळ्या बसवत होता आणि मी चार दिवस तुमच्याशेजारी नुसता बसून होतो, ते आज लिहितो आहे. रजेवर आलोय असं तुम्हाला सांगितलं होतं. रजा नव्हतीच. लढाऊ विमानांच्या कारखान्यातून मी कुणाला न विचारता निघून आलो होतो. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम नुकतंच सुरू झालेलं. तिथे फिटरचं काम मिळेल, परत जायलाच नको, असा माझा बेत.

पाचव्या दिवशी सकाळी तुम्ही रंधा बाजूला ठेवता आणि विचारता, "तुमचं इमान आतून कसं असतं रे? सगळं लोखंडच काय?" मी वाळूत काटकीने काढून दाखवतो. नाकाकडचा भाग, मधलं धड, शेपूट, सगळं वेगवेगळं बनतं आणि मग जोडतात. धडाच्या आत गोल चौकटी, त्यांना लांबीने बांधणाऱ्या पट्ट्या, वरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. पंखात बरगड्या, आणि मुळापासून टोकापर्यंत एक जाड तुळई. सगळा भार तिच्यावर. "म्हंजे आमच्याकडे पठाण," नावेच्या तळाचं लांब लाकूड थोपटत तुम्ही म्हणता. "तळ धड हाय तर नाव हाय." मग माझ्याकडे बघत राहता. "तुला काय झालाय?"

मी सांगून टाकलं, तारापूरच्या बेतासकट. पंखाच्या तुळईला भोक पाडताना माझं ड्रिल घसरलं, भोक काठाच्या फार जवळ गेलं; तिथून तुळईला तडा जाऊ शकतो. तपासनीस यायच्या आत मी त्यात रिव्हेटची खीळ ठोकली आणि वर पत्रा बसू दिला. तो पंख आता विमानाला लागणार होता. तुम्ही ओरडला नाहीत. "त्यात बसणाराचा बाप पन कुठंतरी बसला असेल," एवढंच म्हणालात. "दुपारची गाडी धर. तारापूर कुठं पळून नाय जात." आईने भाकरी आणि सुकट बांधून दिली. पालघर स्टेशनापर्यंत तुम्ही माझ्याबरोबर चालत आलात.

मी जाऊन कबूल केलं तेव्हा विमान अजून उडालं नव्हतं. तपासनीसाने पत्रा काढायला लावला, तुळई बदलून घेतली, मला सगळ्यांसमोर धारेवर धरलं आणि वर्षभर सुट्या भागांच्या कोठारात बसवलं. कितीतरी दिवसांनी मला नीट जेवण जाऊ लागलं. पुढे ते विमान पहिल्यांदा वर गेलं तेव्हा मी कोठाराच्या दारात उभा होतो. ते उतरेपर्यंत हललो नाही. चाकं जमिनीला लागली आणि मी तिथेच उंबऱ्यावर बसलो.

गावात तुम्ही शेवटपर्यंत सांगत राहिलात, पोरगा गाडीतून उतरला तो थेट साहेबापुढे जाऊन उभा राहिला. तसं नव्हतं, बाबा. दोन दिवस मी कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीत बसून काढले. तिसऱ्या दिवशी आत गेलो. तुमच्या हयातीत हे सांगायला जीभ उचलली नाही, आणि आता हा कागद धाडायला पत्ताच नाही. पण लिहिलं, बरं वाटलं.